वाटणी ते वाटणी

लहान शेतकऱ्याच्या जमिनीबद्दल बोलताना आपल्याकडे दोनच सूर लागतात. पहिला भावनेचा: जमीन वाडवडिलांची, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली, म्हणून ती जपायची. दुसरा हिशेबाचा: १९७०-७१ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातले सरासरी वहितीखाते ४.२८ हेक्टरचे होते, २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टरवर आले. म्हणजे दर पिढीला तुकडे पडत गेले आणि शेतकरी संपत चालला. वरवर पाहता हे सूर परस्परविरोधी आहेत. पण दोघांच्या तळाशी समजूत एकच. लहान शेतकऱ्याला जमीन येते ती बापाकडून, आणि त्याच्या हातात उरते ते एवढेच की ती राखायची किंवा घालवायची. ही समजूत मला उथळ वाटते. शेतजमिनीचे कायदे, कर्जाच्या योजना आणि शेतीसंकटाची सगळी चर्चा तिच्यावर उभी राहते, म्हणून ती घातकही वाटते.

माझे म्हणणे असे आहे. दख्खनच्या पठारावर गेली दोन-तीन शतके लहान कुटुंबाची जमीन बऱ्याच अंशी एका हयातीत जमवली गेली. वारशाने आला तो एक हिस्सा. बाकीचे रान घरातले मनुष्यबळ, जनावर, शेताबाहेरचा पैसा आणि नात्यागोत्यातले देणेघेणे यांच्या जोरावर वीस-तीस वर्षांत उभे राहिले आणि पुढच्या वाटणीत पुन्हा विभागले गेले. वाटणी कायमच होती. तिच्यामागोमाग जमवण्याचा काळही येत असे. आजचे संकट तुकड्यांचे आहे त्याहून अधिक, तो जमवण्याचा काळ बंद पडल्याचे आहे.

हे टप्प्याटप्प्याने मांडतो.

१. वारसा नेमका कशाचा होता?

पेशवाईतल्या देशावरच्या खेड्यात जमीन कसणारे ढोबळ मानाने दोन प्रकारचे असत. मिरासदार, ज्याला काही भागांत थळकरी म्हणत, तो गावच्या जमिनीचा वंशपरंपरागत हक्कदार. त्याची मिरास विकता येई, गहाण टाकता येई, आणि तो परागंदा होऊन कित्येक वर्षांनी परतला तरी हक्क सांगू शके. दुसरा उपरी: कौलाने, ठरावीक मुदतीसाठी जमीन करणारा, गावच्या निर्णयांत ज्याला स्थान नाही असा. या दोघांकडे आपण जणू दोन जाती असल्यासारखे पाहतो, एक जन्माने आतला आणि दुसरा जन्माने बाहेरचा. जुनी कागदपत्रे वेगळे सांगतात. गावात गतकुळाची जमीन असे, म्हणजे ज्या घराण्याचा वंश खुंटला किंवा जे गाव सोडून गेले त्यांचे थळ. पाटील आणि गावकरी मिळून ती जमीन उपऱ्याला मिरास करून देत, त्याच्याकडून मोल घेत, आणि बलुतेदारांच्या व आसपासच्या मातब्बरांच्या साक्षीने मिरासपत्र लिहून देत. मिरास ही कुणीतरी, कधीतरी, पैसे मोजून मिळवलेली वस्तू होती. नातवाच्या तोंडी ती वडिलोपार्जित झाली, पण आजोबाने ती घेतलेली होती.

मिरासपत्रापर्यंत पोचायला बहुतेकदा अर्धे आयुष्य जाई. नवा माणूस आधी पड जमीन इस्ताव्याने घेई. इस्तावा म्हणजे चढता सारा: पहिल्या वर्षी नाममात्र, मग वर्षागणिक वाढत पूर्ण दरापर्यंत. त्या सवलतीच्या वर्षांत हरळी-कुंदा खणून काढायचा, दगड वेचायचे, उतारावर ताली घालायच्या, आणि रान भरीला आणायचे. सरकारला याची गरज होती, कारण दुष्काळ, स्वाऱ्या आणि रोगराई यांनी गावेच्या गावे ओस पडत. अठराव्या शतकात दुर्मीळ होती ती माणसे आणि बैल. रान पुष्कळ होते. ज्याच्या घरी हात होते आणि दावणीला जनावर होते, त्याला बोलावून जमीन दिली जाई. आजच्या जमिनीच्या टंचाईत वाढलेल्या मनाला हे पटकन पटत नाही, पण ते लक्षात घेतल्याशिवाय पुढचे काही उलगडत नाही.

कोकणात तर जमीन अक्षरशः घडवली गेली. ठाणे-कुलाब्याच्या खाड्यांवर बांध घालून भरतीचे पाणी अडवले आणि खाऱ्या चिखलातून भातखाचरे काढली. शिलोत्री धारा पद्धती त्यातूनच आली. गोव्यातल्या खाजणांचे बांध गावकरीने मिळून राखले. अशा जमिनीला ‘मिळालेली’ म्हणणे हा ती घडवणाऱ्यांवर अन्याय आहे.

इंग्रजी अमलाच्या पहिल्या वीस वर्षांत भाव कोसळले, आणि प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याच्या आकारणीतला सारा न झेपल्यामुळे शेते सोडली गेली. मग १८३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरातून नवी पाहणी सुरू केली. सारा उतरवला, तीस वर्षांसाठी कायम केला, आणि सर्व्हे नंबरचे क्षेत्र एका बैलजोडीच्या कुवतीवर बेतले. त्यातला एक नियम मला फार बोलका वाटतो. पड नंबर हवा असेल त्याने कबुलायत द्यायची, नको असेल त्याने वर्ष सुरू होण्यापूर्वी राजीनामा द्यायचा. जमीन दरसाल धरता-सोडता येत होती. घरात पोरे हाताशी आली की एखादा नंबर वाढवायचा. कर्ता गेला, बैल मेला, की सोडून द्यायचा. लहान घरांनी ही मोकळीक पुरेपूर वापरली, आणि पुढच्या तीन-चार दशकांत लागवडीखालचे क्षेत्र झपाट्याने वाढत गेले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पावात मात्र कसण्याजोगी पड जवळजवळ संपली. तिथून पुढे एकाने जमवायची म्हणजे दुसऱ्याने सोडायची, असा नवा आणि कठोर काळ सुरू झाला.

२. कुटुंबाचे वय आणि रानाचे माप

रशियन अर्थशास्त्रज्ञ अलेक्झांडर चायानोव यांनी १९२० च्या दशकात एक साधी गोष्ट आग्रहाने मांडली. खेड्यातली लहान-मोठी खाती पाहून आपण त्यांना गरीब आणि श्रीमंत असे वर्ग मानतो, पण त्यांतली बरीच खाती म्हणजे एकाच प्रकारच्या कुटुंबाच्या वेगवेगळ्या वयाच्या अवस्था असतात. नवीन जोडप्याकडे रान थोडे. मुले होतात तशी खाणारी तोंडे वाढतात आणि हात तेवढेच राहतात. लग्नानंतर साधारण चौदाव्या-पंधराव्या वर्षाच्या सुमारास हा भार सर्वांत जड होतो. मग मुले कामाला लागतात, हातांची संख्या तोंडांना गाठते, आणि कुटुंब जमीन वाढवते. शेवटी मुले वेगळी होतात. अशी मांडणी करणाऱ्या या माणसाला स्टालिनच्या राजवटीने १९३७ मध्ये गोळी घातली.

यावर रास्त आक्षेप असा की रशियातल्या ग्रामसमाजात जमिनीचे फेरवाटप होत असे, त्यामुळे वाढत्या घराला वाढीव रान मिळणे तिथे सोपे होते. दख्खनमध्ये असे फेरवाटप नव्हते. खरे आहे. इथे तीच भूमिका खंडाने, वाट्याने जमीन करण्याच्या पद्धतीने बजावली. विधवेची जमीन, मुंबईला गेलेल्या भावाची जमीन, जोशी-कुलकर्ण्यांची इनामे, बैल नसलेल्या शेजाऱ्याचे रान: हे सारे अर्धेलीने, तिजाईने किंवा रोख खंडाने सुटत असे, आणि ज्या घरात हात मोकळे असत ते ते धरत असे. मालकीचा तुकडा दोन एकर, पण वहीत आठ एकर, ही स्थिती अपवादाची नव्हती. मालकीचाच उतारा पाहणाऱ्याला हे घर दिसतच नाही.

या प्रवासाचा क्रमही ठरलेला असे. जमिनीआधी जनावर आणि जनावराआधी हात. सालगडी म्हणून राहिलेला माणूस दुसऱ्याची शेळी किंवा कालवड वाट्याने सांभाळायला घेई. वाढली की तिची किंमत किंवा पिले अर्धी-अर्धी. त्यातून स्वतःचे एक जनावर, मग एक बैल. एका बैलावर नांगर चालत नाही, म्हणून दुसऱ्या एकबैली घराशी सावड. जड काळ्या रानात लाकडी नांगराला सहा-आठ बैल लागत, तिथे इर्जिक घातल्याशिवाय मोठ्यांचेही भागत नसे. स्वतःची जोडी झाली की मगच कुणी वाट्याने जमीन देई, कारण बैल नसलेल्याच्या हाती रान सोपवायला मालक धजत नसे. वाट्याच्या जमिनीतून दोन-चार बरी वर्षे गेली, की बांधाला लागून असलेल्या रानाचा सौदा, विसार, आणि कागद. यांतल्या प्रत्येक पायरीवर एक अवर्षण सगळे मागे नेऊ शकत असे, आणि नेतही असे. अमेरिकेत विल्यम स्पिलमन यांनी १९१९ मध्ये ‘शेतीची शिडी’ मांडली: घरच्या शेतावर बिनपगारी काम, मग मजूर, मग कुळ, मग मालक. तिथल्या त्या चित्रात चढणच ठळक आहे. आपल्याकडची बहुतेक घरे एका आयुष्यात चढली आणि उतरलीही, आणि उतरलेल्यांची मुले पुन्हा पहिल्या पायरीवर उभी राहिली.

लहान शेतकरी जमिनीला न परवडणारा भाव का देतो, हे कोडेही इथेच सुटते. व्यापारी हिशेबाने जमिनीची किंमत तिच्या खंडाच्या काही पटींतच असायला हवी. पण ज्या घरी तीन तरुण मुलगे वर्षातले पाच महिने रिकामे बसतात, त्याला आणखी दोन एकर म्हणजे त्या रिकाम्या हातांना काम. त्या श्रमाची वेगळी मजुरी तो धरत नाही, म्हणून मजूर लावून शेती करणाऱ्या मोठ्या मालकापेक्षा तो अधिक भाव देऊ शकतो. लहान घराने बड्या खातेदाराकडून जमीन सोडवून घेतल्याची उदाहरणे गावोगाव सापडतात ती यामुळे. हीच त्याची ताकद आणि हाच त्याचा फास, कारण तो जादा भाव तो बहुतेकदा कर्ज काढून देतो आणि बायकामुलांच्या कष्टांतून फेडतो.

३. पाण्याने दिलेली संधी

१८८५ मध्ये नीरा डावा कालवा सुरू झाला. कोरडवाहू पट्ट्यातल्या कित्येक जमीनमालकांकडे पाणी आले, पण उसाला लागणारे खत, भांडवल आणि बारा महिने राबणारे हात त्यांच्यापाशी नव्हते. सासवडच्या परिसरातले माळी कऱ्हेच्या बागायतीवर पोसलेले. ऊस, गूळ, भाजीपाला हे त्यांचे पिढीजात कसब. ते आपले गाव सोडून नीरेच्या, पुढे गोदावरी आणि प्रवरेच्या कालव्यांवर गेले, आणि तिथल्या मालकांच्या जमिनी खंडाने केल्या. स्वतःच्या नावावर तिथे वीतभर जागा नसताना त्यांनी नफ्याची शेती उभारली, त्या नफ्यातून जमिनी घेतल्या, आणि १९३२ मध्ये अकलूजजवळ माळीनगरला सासवड माळी शुगर फॅक्टरी काढण्यापर्यंत मजल मारली. त्यांच्या वाडवडिलांनी त्यांना दिले ते पाणी धरण्याचे कसब आणि भाऊबंदांची पत.

हे एका जातीचे अपवादात्मक यश होते असे कुणी म्हणेल. मानववंशशास्त्रज्ञ डोनाल्ड अ‍ॅटवुड यांनी याच कालव्याच्या टापूतल्या एका गावाचे १९२० ते १९७० या काळातले जमिनीचे दप्तर घराघराने तपासले. साखरेच्या पैशाने जमीन मोजक्या हातांत एकवटेल असा सर्वसाधारण कयास होता. त्यांना दिसले ते असे की वरच्या थरातली अनेक घरे वाटण्यांनी आणि विक्रीने खाली आली, आणि भूमिहीनांपैकी काहींनी जमीन मिळवली. सगळे गरीब वर चढले असा त्याचा अर्थ नाही. पण ‘मोठा मोठा होत जातो, लहान नाहीसा होतो’ हे सूत्र त्या दप्तरात बसले नाही. मला या अभ्यासाची पद्धत त्याच्या निष्कर्षाइतकीच मोलाची वाटते. दोन वर्षांच्या सरासऱ्यांची तुलना न करता त्यांनी फेरफारांवरून एकेका घराचा माग काढला. जमिनीचा इतिहास त्या फेरफारांत असतो.

४. मनीऑर्डरची जमीन

रत्नागिरीच्या आणि साताऱ्याच्या खेड्यांतून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या माणसाबद्दल एक जुना समज आहे: त्याचे पाय शहरात आणि जीव गावात, म्हणून तो पुरता कामगार झालाच नाही. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी या समजाला चोख उत्तर दिले. गावाशी नाते टिकवणे हा त्या कामगाराचा व्यवहार होता. शहरातली नोकरी बेभरवशाची. संप झाला, खाते बंद पडले, आजार आला, की गावचे घर हाच आधार. आणि उलट बाजूने, गावच्या जमिनीला नगद पैसा पुरवणारा तोच. त्याच्या मनीऑर्डरने सारा भरला गेला, गहाण सुटले, विहीर खणली गेली, चुलत्याचा हिस्सा विकत घेतला गेला. पलटणीत गेलेल्यांच्या पगाराचे आणि पेन्शनीचेही तेच.

शेतीच्या उत्पन्नातून शेती वाढली अशी आपली कल्पना असते. कोरडवाहू मुलखात ते क्वचितच घडले. जिथे लहान घराने जमीन घेतली, तिथे बहुतेकदा घरातला एक माणूस शेताबाहेर कमवत होता, आणि मागे राहिलेले भाऊ, त्याची बायको, त्याची आई त्याच्या वाटचे रान करत होती. जमीन अशा दुपेडी घराने जमवली. ‘खरा शेतकरी कोण’ हे ठरवताना नोकरीचा पैसा असलेल्याला बाद करणारी आपली भाषा या इतिहासापुढे टिकत नाही.

५. बहिणीचा हिस्सा, बायकोचे डोरले

या सगळ्या जमवाजमवीचा एक मोठा भाग कुठल्याच खरेदीखतावर नाही. भावांची वाटणी झाली असे आपण म्हणतो तेव्हा बहिणी त्या हिशेबात धरलेल्याच नसतात. १९५६ च्या वारसा कायद्यानंतरही एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मसिद्ध हिस्सा नव्हता. महाराष्ट्राने तो १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये दिला. त्यानंतरही तलाठ्याकडे वारसनोंद होते, आणि लगोलग बहिणींकडून हक्कसोडपत्र लिहून घेतले जाते. ती सही करते, कारण माहेर तुटू नये, दिवाळीला भावाने न्यायला यावे, नवऱ्याने टाकले तर चार दिवस टेकायला जागा असावी. ही किंमत तिने मोजलेली आहे. भावाचे चार एकर म्हणजे दोन त्याचे आणि दोन बहिणींनी सोडलेले, असे कितीतरी उतारे आहेत. लहान घराने जमीन टिकवण्याचा सर्वांत मोठा, सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी नोंदला गेलेला मार्ग हाच होता.

दुसऱ्या बाजूला बायको. विसाराची रक्कम कुठून आली हे विचारत गेले तर पुष्कळदा उत्तर पाटल्यांपाशी, डोरल्यापाशी थांबते. मोडलेल्या दागिन्यांवर घेतलेली जमीन नवऱ्याच्या नावे होते, पुढे मुलांच्या नावे. शेतकरी संघटनेने शरद जोशींच्या पुढाकाराने ‘लक्ष्मी मुक्ती’चा कार्यक्रम घेतला आणि पुरुषांना जमिनीचा काही भाग स्वखुशीने बायकोच्या नावे करायला लावला, तेव्हा त्याला दानधर्माचा रंग देणारे पुष्कळ निघाले. माझ्या मते तो जुना हिशेब अंशतः चुकता करणे होते.

६. आक्षेप

पहिला आक्षेप हॅरल्ड मॅन यांच्या आकड्यांचा. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाचा त्यांचा अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे सरासरी खाते १७७१ मध्ये ४० एकर, १८१८ मध्ये साडेसतरा आणि १९१४-१५ मध्ये सात एकरांवर आले होते; दीडशेवर मालकांची जमीन सातशेहून जास्त तुकड्यांत विखुरली होती. मग जमवणे कुठे राहिले? उत्तर असे की सरासरी हे गावाचे माप आहे, घराचे नव्हे. माणसे वाढली आणि रान तेवढेच राहिले, तर प्रत्येक घर आयुष्यभर जमवत असले तरी सरासरी उतरणारच. मॅन यांचेच दुसरे निरीक्षण अधिक महत्त्वाचे आहे: बहुसंख्य घरांचे केवळ जमिनीवर भागणे शक्य नव्हते, आणि ती बाहेरच्या मजुरीचा आधार घेत होती. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीही शेताबाहेरचा पैसा हीच जमीन टिकवण्याची अट झाली होती.

दुसरा आक्षेप सावकाराचा, आणि तो गंभीर आहे. मे १८७५ मध्ये सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे आणि खती जाळली, आणि पुणे व नगर जिल्ह्यांत उठाव पसरला, तो जमिनी हातच्या जात होत्या म्हणूनच. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ त्यानंतरच्या दशकातच लिहिला. ही लूट मी नाकारत नाही. पण तिचे स्वरूप नीट पाहावे. सावकाराला नांगर धरायचा नव्हता. जमीन त्याच्या नावे होऊनही ती कसायला बहुधा जुनाच मालक राही, आता कुळ म्हणून. १८७९ च्या शेतकरी संरक्षण कायद्याने न्यायालयांना गहाणाच्या मागचा खरा व्यवहार तपासण्याची मुभा दिली, तेव्हा सावकारांनी गहाणाऐवजी सरळ खरेदीखते लिहून घ्यायला सुरुवात केली, आणि पैसे फेडल्यावर जमीन परत देण्याचा करार तोंडी राहिला. त्यामुळे दप्तरातली प्रत्येक खरेदी ही खरेदी नाही, आणि पुढे त्याच घराने ती ‘विकत घेतली’ असे दिसते तेव्हा ते आपलीच जमीन सोडवत असते. कित्येक घरांनी तेच रान एका शतकात दोनदा मिळवले. जमवण्याच्या इतिहासात या दुसऱ्यांदा मिळवण्याला जागा हवी.

तिसरा आक्षेप कुळकायद्याचा: जमीन तर सरकारने दिली, १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनी कुळे मालक झाली, यात कुटुंबांनी काय जमवले? फार मोठे काही. कुळाला जमीन फुकट मिळाली नव्हती. आकारणीच्या वीस ते दोनशे पटींमधली किंमत ठरून ती हप्त्यांनी भरायची होती. आणि त्या तारखेपर्यंत वहिवाटीत टिकून राहणे हीच मोठी लढाई होती. वि. म. दांडेकर आणि खुदानपूर यांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेसाठी १९४८ च्या कायद्याच्या अंमलबजावणीची पाहणी केली, तिचा अहवाल १९५७ मध्येच आला. मालकांनी कुळांकडून ‘स्वखुशीचे’ राजीनामे घेऊन जमिनी परत ताब्यात घेतल्याचे चित्र त्यात आहे. कोकणात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सहा वर्षे जमिनी न कसण्याचा संप केला, डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक आणले, त्यांनंतर कुठे हे कायदे आले. जी घरे या काळात टिकून राहिली त्यांना मालकी मिळाली.

चौथा आक्षेप मी माझ्या मांडणीवरची सर्वांत जड टीका मानतो: हे सगळे कुणब्या-मराठ्यांचे, माळ्यांचे झाले, महाराचे आणि मांगाचे काय? कष्ट तर त्यांनीही केले. बरोबर आहे. कष्टाने जमीन मिळते हे विधान तेवढ्यावर सोडले तर ते खोटे ठरते. इस्ताव्याची पड, गतकुळाची मिरास, वाट्याची जमीन, सावडीचा बैल, विसारासाठी हातउसने पैसे: या प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी तुमच्यावर भरवसा टाकावा लागे, आणि तो भरवसा जातीच्या आत फिरत असे. महारांच्या वाट्याला आले ते वतन. त्या हाडकी-हाडोळ्याच्या जमिनीने त्यांना गावाच्या चाकरीला जखडले, आणि पिढीगणिक हिस्से पडून एकेकाच्या वाट्याला पांडभर रान राहिले. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने गेली, तेव्हा त्यांना आपलीच जमीन कब्जेहक्काची रक्कम भरून, विक्रीवरच्या बंधनांसह, सरकारकडून परत घ्यावी लागली. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे जे सत्याग्रह झाले, मराठवाड्यात गायराने वहितीला आणण्यासाठी दलित घरांनी जो मार खाल्ला, तो पेशवाईतल्या उपऱ्याने केलेल्याच कामासाठी: पड रान फोडून आपले करणे. उपऱ्याला त्यासाठी इस्ताव्याची सवलत मिळाली. यांच्या कामाला अतिक्रमण म्हटले गेले. श्रम तेच असताना दप्तरातली नोंद उलटी झाली. या आक्षेपाने माझा मुद्दा खोडला जात नाही, पुरा होतो. जमवण्याची क्षमता घरात असते, जमवण्याची वाट मात्र गावाने आणि सरकारने उघडावी लागते.

७. वाट कुठे बंद झाली?

आता आजचे. मोकळी पड केव्हाच संपली. गिरण्यांचा पैसा १९८२ च्या संपानंतर आटला, आणि त्याची जागा घेणाऱ्या कंत्राटी कामांतून घरभाडे आणि मुलांची फी भागते, जमिनीपर्यंत पोचण्याइतके उरत नाही. शहरांभोवती आणि महामार्गांलगत जमिनीचा भाव पिकाशी नाते तोडून प्लॉटच्या हिशेबाने ठरतो. त्यामुळे घरच्या हातांच्या जोरावर जादा भाव देण्याची लहान घराची जुनी ताकद तिथे निरुपयोगी झाली आहे. तीन भावांचे कष्ट बिल्डरच्या एका धनादेशाशी स्पर्धा करू शकत नाहीत. कुळकायद्याच्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घ्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. हेतू सट्टेबाजांना रोखण्याचा होता आणि तो योग्य होता. पण ज्या घराचे नाव कधीच सातबारावर आले नाही, त्याने चार पैसे साठवले तर त्याला आधी आपण शेतकरी असल्याचा पुरावा द्यावा लागतो, तोही ज्या दप्तराने त्याच्या आजोबाला नोंदवलेच नाही त्याच दप्तरातून.

पण मला सर्वांत घातक वाटते ते खंडाच्या वाटेचे बंद होणे. १९४८ चा कायदा आणि १९५७ चा कृषक दिन यांनी जे कुळ वहिवाटीत होते त्याला मालक केले. त्यानंतर मात्र कुठल्याही मालकाने नवे कुळ जमिनीवर येऊ द्यायचे नाही असा धडा घेतला. जमिनी आजही वाट्याने जातात, पण तोंडी, अकरा महिन्यांसाठी, दरवर्षी माणूस बदलून. अशा रानात कुणी ताल घालत नाही, शेणखत टाकत नाही, विहिरीवर खर्च करत नाही. ज्याच्या नावे जमीन त्यालाच पीककर्ज, त्यालाच अवकाळीची भरपाई. प्रत्यक्ष पेरणारा या सगळ्याबाहेर. एकीकडे पुण्या-मुंबईत नोकरीला असलेल्यांची रिकामी पडलेली शेते, दुसरीकडे हात असूनही रान नसलेली घरे, आणि या दोघांना जोडणारी, तीनशे वर्षे वापरात असलेली पायरी कायद्याच्या भीतीने मोडलेली.

नीती आयोगाने २०१६ मध्ये जमीन खंडाने देण्याचा आदर्श कायदा राज्यांपुढे ठेवला. मालकाचा हक्क अबाधित ठेवून कसणाऱ्याचा लेखी करार मान्य करायचा, आणि त्या करारावर त्याला कर्ज व विमा मिळू द्यायचा, हे त्याचे सूत्र. त्यावर डाव्यांचा आक्षेप असा की याने कंपन्यांना जमिनी भाड्याने घेण्याचे रान मोकळे होईल आणि कुळाचे संरक्षण जाईल. धोका खरा आहे, आणि त्यावर उपाय कायद्यातच करता येतो: खंडाने धरायच्या क्षेत्राला मर्यादा, कराराची किमान मुदत पाच-सात वर्षे, आणि पहिला हक्क त्याच गावातल्या भूमिहीनांना, एकल बायकांना आणि बचत गटांना. जुन्या सातबाराच्या पीकपाहणीत ‘जमीन करणाऱ्याचे नाव’ असा स्वतंत्र रकाना असे. ते नाव पुन्हा लावायचे, त्याने मालकी जाणार नाही अशी हमी मालकाला द्यायची, आणि त्याच नोंदीवर सोसायटीने कर्ज द्यायचे. गायराने वहितीला आणलेल्या घरांच्या प्रलंबित नोंदी याच मोहिमेत निकाली काढायच्या, आणि वारसनोंदीनंतर सहा महिने तरी हक्कसोडपत्र नोंदवून घ्यायचे नाही असा नियम करायचा. यांतले काहीही सरकारी तिजोरीवर मोठा बोजा टाकणारे नाही. याला अडवून धरणारी गोष्ट एकच आहे: लहान शेतकरी हा जमीन सांभाळणारा वारस आहे, जमीन मिळवणारा माणूस नाही, ही आपल्या महसूल खात्यात, बँकांत आणि आपल्या सहानुभूतीतही खोल रुजलेली समजूत.